नावाशिवाय नोंद होत नाही

आधी माफी मागतो. लिहिणाऱ्या माणसांमध्ये बसावं एवढं मी वाचलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही कॉम्प्युटर शिकायला. गाव तेलुगू मुलखातलं; दहावीपर्यंत मराठी शाळा, मग वर्गात तेलुगू, पुस्तकात इंग्रजी आणि दुकानात हिंदी. त्यामुळे माझं एखादं वाक्य कुठं अडखळलं तर ते खरंच अडखळलेलं आहे असं समजावं.

आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे. हे सगळं नावांसाठी झालेल्या भांडणाचं आहे आणि तरी मी इथं एकही नाव लिहिणार नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना या लिखाणासाठी मी विचारलेलं नाही.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक प्रोजेक्ट करावं लागतं. वर्गातल्या बाकीच्यांनी हॉस्टेलची हजेरी, औषधाच्या दुकानाचा स्टॉक असे विषय घेतले. मला काही सुचत नव्हतं. अशात आमच्या गावच्या गुरुजींनी बोलावणं पाठवलं. ते मला चौथी-पाचवीला शिकवायला होते. आता निवृत्त झालेत, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांच्या घरी एक लाकडी पेटी आहे. तिच्यात नाणी आहेत हे आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होतं, कारण इतिहासाच्या तासाला त्यातलं एखादं नाणं बाकांवरून फिरायचं आणि परत पेटीत जायचं.

"तू म्हने कॉम्प्युटरचं शिकून राह्यला," गुरुजी म्हणाले. "या पेटीचं काही होते का पाह्य."

पेटीत दोनशे अकरा नाणी होती. निजामाचे तांब्याचे पैसे, चारमिनार असलेले त्याचेच हाली रुपये, इंग्रजांचे कलदार रुपये, मधोमध भोक असलेले पैसे. बरीच काळी पडलेली. काहींना वरच्या कडेला चांदीची कडी जोडलेली होती, कारण ती कुणाच्या तरी गळ्यातल्या हारातून निघालेली होती. सोबत एक जाड वही होती. वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: अमानत.

"हे माह्यं नाही," गुरुजी म्हणाले. "दरवर्षी पाचवीच्या पोरांले सांगत होतो, घरी जुनं नाणं असंन तर आणा. आनत होते. कोनाची माय म्हने, ठेवा गुरुजी तुमच्याकडंच, घरी राह्यलं तर कोनीतरी विकून खाईन. मी ठेवून घेतलं. पन घेतलं नाही. समजलं का? सांभाळून राह्यलो फक्त."

वहीत प्रत्येक नाण्यापुढं नाव होतं. मुलाचं नव्हे, ज्या बाईनं किंवा बाप्यानं पाठवलं त्याचं. एकोणचाळीस क्रमांकापुढं माझ्या आईचं नाव होतं. चारमिनारचा कडी असलेला रुपया, तिच्या आईच्या हारातला. मी पाचवीत असताना तो रुमालात बांधून मीच नेला होता. मी ते विसरलो होतो. वही विसरली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. सालासाठी चार आकड्यांचा रकाना ठेवला आणि नाणी सालानुसार लावली. चारमिनारच्या रुपयावर तेराशे त्रेचाळीस लिहिलेलं होतं, कलदारावर अठराशे काहीतरी. कॉम्प्युटरनं चारमिनार पाचशे वर्षं मागं नेऊन ठेवला. वर्गातला एक जण म्हणाला, "अरे, कलदार येईपर्यंत निजाम म्हातारा होऊन मरून गेला रे!" सगळे हसले, मीही हसलो. निजामाचं साल हिजरी असतं हे मला गुरुजींनी सांगितलं. मग मी सालाबरोबर कोणती कालगणना हेही विचारणारा रकाना केला. हळूहळू ते जमत गेलं. वजनासाठी सोनाराकडचा काटा दोन दिवस मागून आणला. फोटोसाठी आईची पांढरी साडी खाटेवर अंथरली, नाण्याच्या दोन्ही बाजू मोबाईलनं टिपल्या.

गुरुजींची अट एकच होती. "नाव राह्यलं पाह्यजे. नाव नसंन तर ते नाणं चोरीचं होते."

म्हणून मी देणाऱ्याच्या नावाचा रकाना बंधनकारक केला. तो रिकामा ठेवला तर नोंद जतनच होत नाही. पडद्यावर मराठीत दोन शब्द येतात: नाव लिहा. लेबल छापतानाही नाव त्याच रकान्यातून उचललं जातं. मी ते इतकं खोल बसवलं की ते काढायचं तर सगळंच नव्यानं लिहावं लागेल. हे मी हुशारीनं केलं असं नाही. मला तसंच सुचलं.

पण वहीच्या एका पानाचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. तीन नाण्यांची नावं गेली होती. गुरुजींना आठवेनात. ते डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "कडीवालं होतं, मोठी कडी, कोनाचं होतं बाप्पा..." तेवढ्यावरच थांबायचं. माझंच सॉफ्टवेअर मला ती तीन नाणी नोंदवू देईना. एक मित्र म्हणाला, अज्ञात असं टाईप कर आणि मोकळा हो. मी टाईप केलं, पाहिलं आणि खोडलं.

मग तो रविवार आला. फोटो काढायची वीस-बावीस नाणी राहिली होती, ती मी घरी आणली होती. मोबाईलचा चार्जर बिघडला म्हणून जवळच्या गुडीहत्नूरला गेलो. दुपारी परत आलो तर अंगणात सुपावर नाणी वाळत घातलेली. चकाचक. आई बाजूला बसून शेवटचं नाणं चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासत होती.

"माय, हे काय केलं!"

"काय म्हंजे? फोटो काढतेत म्हने. मळके काऊन पाठवाचे? लोक काय म्हनतीन, यायच्या घरी चिंच बी नाही काय?"

मी खाली बसलो. जुनी नाणी घासायची नसतात. वरचा काळेपणा हेच त्यांचं वय असतं, तो गेला की जमवणारे लोक त्या नाण्याला खराब समजतात. हे सगळं मी इंटरनेटवर वाचलं होतं आणि घरी सांगायचं राहिलं होतं. मी आईला सांगितलं. ती घाबरली. मग रागावली.

"मंग आधी सांगाचं ना! मले काय सपन पडनार व्हतं?"

गुरुजींकडे गेलो आणि झालेलं सांगितलं. ते बराच वेळ एक घासलेलं नाणं बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "शेऱ्यात लिही. चिंचेनं घासलं, कोनी घासलं ते लिही. खोटं काई नाही त्यात." मी लिहिलं. आईचं नाव दुसऱ्यांदा त्या कॉम्प्युटरमध्ये गेलं.

घासलेल्या नाण्यांचे फोटो काढताना मला एक गोष्ट दिसली, जी काळ्या नाण्यावर कधीच दिसली नसती. कडीच्या खाली, काठाजवळ, कुणीतरी खिळ्यानं बारीक खूण कोरलेली होती. तीन उभ्या रेघा आणि एक ठिपका. आणखी एकावर आडव्या दोन रेघा आणि चंद्रकोरीसारखं काहीतरी. दोन्ही नाणी बिननावाच्या तिघांपैकी होती. तिसऱ्यावर काही नव्हतं. मी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहत होतो, तेवढ्यात आई पाठीमागून डोकावली.

"ही तर घोटाळवाडीच्या वरच्या घरची," ती तीन रेघांकडे बोट करून म्हणाली. (वाडीचं नाव मी बदललं आहे.) "त्यायच्या पराती-गंजांवर हेच राहे."

"तुले कसं माहीत?"

"मले काय माहीत नाही! बावीस वर्सं लग्नातले भांडे घासले बाप्पा. मंडपवाले नव्हते तवा. गावातल्या घराघरातून पराती, गंज, तांबे मागून आनत. लगन झालं की दोनशे भांडे एका ढिगात. वापस कोन वाटत होतं? मीच. लोकांले लिहिता येत नव्हतं, मंग खूण घालत. एक तांब्या इकडचा तिकडं गेला नाही माह्या हातून."

चार महिने मी ज्या गोष्टीसाठी खुर्चीत बसून होतो ती तिला चुलीपाशी बसून येत होती. ती आता शाळेत पोरांचा भात शिजवते. तेव्हा शेतावर जायची आणि लग्नसराईत भांडी घासायची. तिला सही येते, तीही हजेरीच्या रजिस्टरसाठी शिकलेली. दुसरं काही वाचता येत नाही. पण खुणा वाचता येत होत्या.

चंद्रकोरीचं घर आमच्याच गावातलं निघालं. तीन रेघांच्या घरचे लोक भैंशाला निघून गेले होते. तिथल्या एका जिनिंगमध्ये त्या घरची सून कापूस निवडायच्या कामाला होती. आई आणि मी बसनं तिच्या घरी गेलो. बाईनं आम्हाला दारातच उभं करून विचारलं, "कोन तुमी? पैसे मागाले आले काय?" आईनं नाणं दाखवलं. बाई आत गेली, भांड्यांचा आवाज झाला आणि ती एक परात घेऊन आली. परातीच्या पाठीवर तीन रेघा आणि ठिपका. तिनं परात आणि नाणं शेजारी शेजारी धरून कितीतरी वेळ पाहिलं.

"ठेवा तुमी," ती शेवटी म्हणाली. "पन माह्यं नाव नका लिहू. सासूचं लिहा. हार तिचा व्हता." आणि तिनं नाव सांगितलं. सांगताना डोक्यावरचा पदर सारखा केला.

आता दोनशे दहा नाणी झाली. एक राहिलं.

जी गोष्ट सांगायला मी बसलो ती इथून पुढची आहे. आमच्या कॉलेजात तपासणी पथक येणार होतं. त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. प्राचार्यांच्या कानावर नाण्यांचं गेलं आणि ग्रंथालयात एक काचेचं कपाट ठेवायचं ठरलं. गुरुजी नाणी द्यायला तयार होते, नावं सोबत राहणार असतील तर. माझे गाईड सर मात्र लॅबमध्ये माझा पडदा बघून कपाळाला आठ्या घालत होते. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पहिल्या वर्षी माझी फी उशिरा आली तेव्हा त्यांनीच ऑफिसात जाऊन शब्द टाकला होता. हे मी विसरत नाही, आणि म्हणूनच ते पुढचं जास्त जड गेलं.

"ये कॉलम निकाल दे," ते म्हणाले. "उस की जगह कॉलेज का नाम डाल. और ये कडी वाले, घिसे हुए, सब डॅमेज हैं. वो भी निकाल."

"नाही, सर," मी म्हणालो.

मला वाटलं मी मनात म्हणालो. पण लॅब गप्प झाली, म्हणजे तोंडानं म्हणालो होतो.

"एंदुकु रा?" त्यांनी तेलुगूत विचारलं. काऊन रे, असं. मग हसून मागच्या बाकाकडे बघत म्हणाले, "कपास चुनने वालों के नाम कौन पढ़ेगा? तेरी अम्मा का नाम भी है क्या इस में?"

पोरं हसली.

"है, सर," मी म्हणालो. "दोन ठिकाणी आहे. एक ठिकाणी नाणं दिलं म्हणून आणि एक ठिकाणी घासलं म्हणून."

हसणं थांबलं. सरांचा चेहरा बदलला. प्रोजेक्टच्या रेकॉर्डवहीवर सही हवी असेल तर कॉलम निघाला पाहिजे, असं ते हळू आवाजात म्हणाले. सही नसली तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नसेल तर पदवी नाही. मला नीट भांडता येत नाही. मी एवढंच म्हणालो की नाणी कॉलेजची नाहीत, ती अमानत आहेत, आणि अमानतीवरचं नाव मी पुसू शकत नाही. माझं रेकॉर्ड टेबलावर ठेवलं आणि बाहेर आलो.

आठ दिवस मी कॉलेजला गेलो नाही. आईला काही सांगितलं नाही, पण तिला कळलं. ती म्हणाली, "माह्यं नाव काढाचं असंन तर काढ बाप्पा. मले काय त्याचं." मी तिच्यावर ओरडलो. इतका की शेजारची कोंबडी पळाली. नंतर वाईट वाटलं, पण जे बोललो त्यातलं एक अक्षरही मागं घेतलं नाही.

नवव्या दिवशी रेकॉर्ड परत मिळालं. त्यावर सही होती. का केली ते सरांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "तू जाने के बाद ज्युनियर लोगां से निकलवा लूँगा."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नाव न टाकता नोंद करून दाखवायला सांगितलं. मी केली. पडद्यावर आलं: नाव लिहा. त्यांना मराठी येत नव्हती. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, प्रोग्राम वापरणाऱ्याच्या सोयीचा हवा, हट्टी नको. मी म्हणालो, हा हट्टीच आहे, सर. वर्गात सर्वांत कमी मार्क मला मिळाले. पास झालो.

मी धावत गुरुजींकडे गेलो. नाणी देऊ नका, असं सांगायला. माझ्यामागं कॉलम काढून टाकतील, तुमची वही वाळवीनं नाही तर माणसांनी खाल्ली असं होईल.

गुरुजी खाटेवर बसून होते. पेटी शेजारी बांधून तयार होती.

"काढता येते काय ते?" त्यांनी विचारलं.

"सोपं नाही. सगळं परत लिहावं लागेल."

"मंग भिऊन काऊन राह्यला? मले डोळ्यानं दिसत नाही, आज आहे उद्या नाही. पेटी माह्या पोराच्या हाती गेली तर सराफाकडं जाईन. तुह्या कामावर भरवसा ठेवून देऊन राह्यलो. तुले नसंन तुह्या कामाचा भरवसा तर सांग, ठेवतो."

मी पेटी उचलली. जड होती. बिननावाचं एक नाणं त्यांनी काढून स्वतःच्या खिशात ठेवलं. "हे माह्याकडं राहू दे. याचं घर सापडंन तवा पाहू."

पेटी कॉलेजात पोचवली आणि कॉलेज सुटलं. मी निर्मल शहरात एका दुकानात लागलो, लोकांचे ऑनलाईन अर्ज भरून देतो. प्रत्येक अर्जात नावाचा रकाना पहिला असतो आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सरकारचा प्रोग्राम हट्टी असतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. मी ते रोज पाहायचो आणि मला त्या कपाटाची आठवण यायची. सरांना फोन करायची हिंमत झाली नाही. ज्युनियरपैकी एकाला विचारलं, तो म्हणाला सर त्यावर काम करवून घेत आहेत. कसलं काम, ते त्याला माहीत नव्हतं. तपासणीची तारीख जवळ आली. मी गुरुजींना काय सांगू, याचा विचार करत दिवस ढकलत होतो.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दुकानाचं शटर वर करत असताना आईचा फोन आला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते, निर्मलपर्यंत आवाज पोचावा म्हणून.

"अरे, कालेजात गेल्ती मी! त्या पथकाचं जेवन व्हतं, आमाले शाळेवाल्या बायांले सैपाकाले बलावलं."

"मग?"

"मंग काय, ते काचेचं कपाट व्हतं ना, त्याच्या बाजूनंच पंगत. मी वाढाले गेली. सगळे नाणे काळेकुट्ट आन माह्ये घासलेले कसे चमकून राह्यले व्हते! कडीवाले बी व्हते. सगळे."

"नावं, माय? खाली नावं होती का?"

"मले वाचता येते काय सगळं? चिठ्ठ्या व्हत्या परत्येकाखाली. एक वाचली मी. रजिस्टरात मी रोज लिहिते तेच व्हतं."

मी शटर अर्धवट सोडून खाली पायरीवर बसलो.

"आन ऐक ना," ती म्हणाली, "तुहे सर त्या पथकवाल्याईले हिंदीत सांगून राह्यले व्हते, का हे नावं आमी मुद्दाम ठेवले म्हने, आमच्या कालेजची हेच खासियत हाय. एक बाई पाहुनी व्हती, तिनं बोट ठेवलं न विचारलं, ये कौन है? सर चूप. त्याईले कुठं माहीत. मी मांगं उभी व्हती, हातात भाताचं ताट."

"मग तू काय केलं?"

"काय करू? म्हटलं, मॅडम, वो मैं है."